बागेला मत किती आणि ते द्यायचे कोणी? कॅलिफोर्नियातील वॉटर डिस्ट्रिक्टच्या निवडणुकांविषयी

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपण सनीवेलला राहता आणि ग्रीन कार्डवर आहात. आपल्या पत्नी अमेरिकन नागरिक आहेत. तीन मित्रांसह एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, स्थापून आपण फ्रेझ्नो-मदेरा पट्ट्यात ४० एकरांची बदामाची बाग घेतली आहे. सनीवेलच्या पत्त्यावर येणाऱ्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेत पत्नींना वॉटर डिस्ट्रिक्टच्या (ठरावीक हद्दीत पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या सार्वजनिक संस्थेच्या) संचालकासाठी एक मत असते, आपल्याला नसते. बागेच्या शेजारचा शेतकरी मात्र सांगतो की तिकडे ‘डॉलरला एक मत’ असते, आणि दोन-तीन मोठ्या कंपन्यांपुढे बाकीच्यांनी मत दिले काय, न दिले काय, सारखेच. बागेला एक मत, ४० मते की एकही नाही, ते मत चौघांपैकी कोणी द्यायचे आणि दिल्याने काही होते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी सॅन होआकिन खोऱ्यातल्या दोन डिस्ट्रिक्टांत मिळून सव्वीस वर्षे काम केले, त्यांतली शेवटची अकरा वर्षे सचिव म्हणून. जमीनमालकांच्या डिस्ट्रिक्टमध्ये मतदारांची यादी आणि प्रत्येकाच्या नावापुढचा मतांचा आकडा सचिवाच्या टेबलावरून जातो. त्यामुळे आपण विचारलेल्या तीनही गोष्टी मी दर निवडणुकीला हाताळल्या आहेत. पण आपण बाग कोणत्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे ते लिहिलेले नाही, आणि या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे.

आपल्याकडे सहकारी संस्थेत शेअर्स कितीही असोत, ‘एक सभासद, एक मत’ हा नियम अंगवळणी पडलेला असतो, आणि संस्था कोणतीही असली तरी तो बदलत नाही. कॅलिफोर्नियात पाण्याच्या बाबतीत असा एकच नियम नाही. डिस्ट्रिक्ट ज्या कायद्याखाली स्थापन झाला, तो कायदा मतदार कोण आणि त्याच्या मताचे वजन किती हे ठरवतो. नावावरून काहीच कळत नाही. आपल्या घराला पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेचे नाव सांता क्लारा व्हॅली वॉटर डिस्ट्रिक्ट, फ्रीमॉन्टकडच्या मंडळींचा अलमीडा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्ट, आणि खोऱ्याच्या पश्चिमेला ६ लाख एकरांहून अधिक शेतीला पाणी देणारा वेस्टलँड्स वॉटर डिस्ट्रिक्ट. तिघांच्याही नावात ‘वॉटर डिस्ट्रिक्ट’च आहे. पहिला त्याच्यासाठी केलेल्या स्वतंत्र कायद्याने चालतो, दुसरा काउंटी वॉटर डिस्ट्रिक्टच्या कायद्याने आणि तिसरा कॅलिफोर्निया वॉटर डिस्ट्रिक्टच्या कायद्याने. पहिल्या दोघांत हद्दीत राहणारा नोंदणीकृत मतदार मत देतो, प्रत्येकी एक. तिसऱ्यात जमीन मत देते.

घराच्या बाजूचे उत्तर सरळ आहे. सांता क्लाराच्या मंडळावर सात संचालक आहेत, ते सात विभागांतून चार वर्षांसाठी निवडले जातात, आणि आपल्या पत्नी त्यांच्या विभागातल्या एका जागेसाठी मत देतात. आपण घराचे सहमालक आहात, मालमत्ता कर भरता, पाण्याचे बिल आपल्या नावावर आहे, तरी इथे मताचा संबंध यांपैकी कशाशीच नाही. एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण तिच्यापायी अडचणीत आलेले लोक मी पाहिले आहेत: वाहन परवान्याच्या खिडकीवर किंवा टपालाने मतदार नोंदणीचा अर्ज पुढे आला तर ‘स्थानिक पाण्याच्या मतदानापुरते’ अशा समजुतीने तो भरू नका. त्या अर्जावर नागरिकत्वाचे प्रतिज्ञापूर्वक विधान असते, आणि ते खोटे ठरले तर पुढे नागरिकत्व मिळवतानाच नव्हे, इथे राहण्याच्या हक्कावरही गदा येऊ शकते.

बागेचे उत्तर मात्र चार शक्यतांवर अवलंबून आहे, आणि त्यांपैकी आपली कोणती हे मालमत्ता कराच्या बिलावरून बहुतेक वेळा कळते. बिलाच्या खालच्या भागात काउंटीच्या मूळ कराशिवाय ज्या संस्थांच्या आकारण्या जोडलेल्या असतात, त्यांत पाण्याच्या संस्थेचे नाव सापडते. न सापडल्यास प्रत्येक काउंटीत डिस्ट्रिक्टांच्या हद्दी ठरवणारा ‘लाफ्को’ नावाचा आयोग असतो. त्याच्याकडे पार्सलचा, म्हणजे जमिनीच्या नोंदलेल्या तुकड्याचा, क्रमांक दिला की हद्द आणि स्थापनेचा कायदा दोन्ही सांगतात.

पहिली शक्यता अशी की बाग कोणत्याच डिस्ट्रिक्टमध्ये नाही. या भागात तिला ‘व्हाइट एरिया’ म्हणतात, म्हणजे नकाशावरचा रंग न भरलेला भाग. मदेराच्या बाजूला अशी जमीन पुष्कळ आहे, आणि तिथली बाग सगळी विहिरीवर असते. तिथे निवडून द्यायचे मंडळच नसते. २०१४ च्या भूजल कायद्यानुसार उपशावर नियंत्रण ठेवणारी संस्था असते, पण तिचे सदस्य सहसा काउंटी किंवा घटक संस्था नेमतात. आपली बाग इथे असेल तर आपले लोकप्रतिनिधी म्हणजे काउंटीचे पर्यवेक्षक, आणि त्यांना निवडून देणारे मतदार तिथले रहिवासी.

दुसरी शक्यता इरिगेशन डिस्ट्रिक्टची. हा सर्वांत जुना प्रकार, १८८७ च्या राइट कायद्याचा. टरलॉक हा त्याखालचा पहिला डिस्ट्रिक्ट. तेव्हा खोऱ्यात प्रचंड कुरणे बाळगणारे मोठे जमीनदार होते आणि त्यांच्या आजूबाजूला छोट्या वस्त्या करून राहू पाहणारे शेतकरी होते. या कायद्याने राहणाऱ्यांना मत दिले आणि पट्टी मात्र सगळ्या जमिनीवर बसवण्याची सोय केली, म्हणजे बहुसंख्य छोट्यांनी ठराव करायचा आणि कालव्याच्या खर्चात मोठ्या जमीनदारालाही त्याच्या जमिनीच्या मूल्याप्रमाणे ओढायचे. मोठ्यांनी याला न्यायालयात वर्षानुवर्षे विरोध केला, पण कायदा टिकला. टरलॉक, मोडेस्टो, इंपीरियल हे सगळे याच वळणाचे. आपली बाग अशा डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर उत्तर कडू आहे: चौघांपैकी कोणी हद्दीत राहत नसाल आणि तिथे मतदार म्हणून नोंदलेले नसाल, तर पट्टी पूर्ण भरूनही बागेला शून्य मते आहेत. काही मोजक्या लहान इरिगेशन डिस्ट्रिक्टांना विशेष तरतुदीने जमीनमालकांचे मतदान लागू आहे, म्हणून चौकशी केल्याशिवाय हे गृहीत धरू नका.

या प्रकारात उमेदवाराची अट मतदाराच्या अटीहून वेगळी असू शकते, हेही लक्षात ठेवा. पूर्वी कायद्यात संचालक हा मतदार तर हवाच, शिवाय जमीनमालकही हवा, असे होते. इंपीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्टच्या बाबतीत ही जमिनीची अट कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली अवैध ठरवली. तो डिस्ट्रिक्ट हजारो घरांना वीज विकत होता, आणि तिथले बहुतेक मतदार भूमिहीन होते. त्यांना मत द्यायचा अधिकार पण उभे राहायचा नाही, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

तिसरी आणि चौथी शक्यता म्हणजे कॅलिफोर्निया वॉटर डिस्ट्रिक्ट आणि वॉटर स्टोरेज डिस्ट्रिक्ट. आपला शेजारी ज्याविषयी बोलतो आहे ते यांतलेच काहीतरी असावे. दोन्हींत मतदार म्हणजे हद्दीतल्या जमिनीचा धारक. तो तिथे राहत असण्याची गरज नाही, आणि कंपनीही मतदार असते. पहिल्यात आकारणीसाठी धरलेल्या जमिनीच्या मूल्याच्या प्रत्येक डॉलरला एक मत. दुसऱ्यात प्रत्येक १०० डॉलरला किंवा त्याच्या अंशाला एक मत, आणि तेही नुसत्या जमिनीच्या मूल्यावर, त्यावरची बांधकामे वगैरे सुधारणा वगळून. म्हणजे या दुसऱ्या प्रकारात आपण पंप, ठिबक आणि शेड यांवर कितीही खर्च केलात तरी त्याने मत वाढत नाही.

इथे आकारणी कोणाची हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि लोक तिथेच चुकतात. डिस्ट्रिक्ट स्वतः आकारणी करत असेल तर त्याचे आकारणी पुस्तक, म्हणजे कोणाची जमीन आणि तिचे मूल्य किती याची नोंदवही, प्रमाण. त्या वर्षी त्याने आकारणी केली नसेल तर कॅलिफोर्निया वॉटर डिस्ट्रिक्टच्या कायद्यानुसार काउंटीची यादी धरतात. काउंटीच्या यादीवर १९७८ साली मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावाची छाया असते: खरेदीच्या किमतीवर मूल्य बसते आणि पुढे ते वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढते. समजा, आपली जमीन एकरी १०,००० डॉलरने लागली आहे आणि शेजारच्या कंपनीची २,००० एकर जमीन जुन्या खरेदीमुळे एकरी ४,००० ने. हे आकडे केवळ हिशोब दाखवण्यासाठी घेतले आहेत. आपली मते ४ लाख, कंपनीची ८० लाख. दोघांच्या मिळून जमिनीत आपला वाटा दोन टक्क्यांच्याही आत, पण मतांत तो पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जातो. नवीन खरेदीदाराच्या एकराला जास्त वजन, असा हा अनपेक्षित परिणाम आहे. जिथे डिस्ट्रिक्ट सर्व जमिनीला एकसारखा एकरी दर लावतो तिथे हा फरक उरत नाही. म्हणून ‘४० एकरांना किती मते’ असे न विचारता ‘मतांसाठी कोणते पुस्तक आणि त्यात आमच्या पार्सलपुढे कोणता आकडा’ असे सचिवाला लेखी विचारा.

असे मतदान घटनेला धरून कसे, हे आपण उघड विचारलेले नाही, पण प्रश्नाच्या सुरात ते आहे, आणि मलाही सुरुवातीची काही वर्षे ते सलत होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली विधिमंडळांसाठी आणि १९६८ साली स्थानिक शासनासाठीही ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व लागू केले. त्यानंतर तुलारे लेक बेसिन वॉटर स्टोरेज डिस्ट्रिक्टचे प्रकरण तिथवर गेले आणि १९७३ साली सॅलियर लँड कंपनीच्या दाव्यात निकाल लागला. डिस्ट्रिक्टमध्ये १,९३,००० एकर जमीन होती आणि लहान मुले धरून राहणारी माणसे अवघी ७७. चार कंपन्यांकडे सुमारे ८५ टक्के जमीन होती. प्रत्येकी ८० एकरांपर्यंत जमीन असलेले १८९ मालक होते, आणि त्यांचा एकत्रित वाटा २.३४ टक्के. एकट्या बॉसवेल कंपनीकडे ३७,८२५ मते होती, मंडळाचे बहुमत निवडून आणायला पुरेशी. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी ही पद्धत वैध ठरवली. न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की हा डिस्ट्रिक्ट शाळा, रस्ते, पोलीस असले काही चालवत नाही. त्याचे काम एका मर्यादित हेतूचे आहे, आणि त्याचा खर्च जमिनीवर तिच्या मूल्याच्या प्रमाणात पडतो. पट्टी जमिनीवर, म्हणून मत जमिनीला.

या तर्कात तथ्य आहे. कालव्याच्या कर्जरोख्यांची परतफेड जमिनीच्या तारणावर होते, आणि जो परतफेड करणार त्याच्या हाती लगाम असावा, ही अपेक्षा अन्यायाची नाही. पण त्याच निकालातले न्यायमूर्ती डग्लस यांचे विरोधी मत मी प्रत्येक नव्या संचालकाला वाचायला सांगत असे. १९६९ च्या पुरात पाणी तुलारेच्या जुन्या सरोवराच्या तळात शिरू लागले, तेव्हा ते ब्युएना व्हिस्टा सरोवराकडे वळवावे असा प्रस्ताव मंडळापुढे आला. ब्युएना व्हिस्टाच्या तळाची जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने बॉसवेलकडे होती. प्रस्ताव बाजूला ठेवला गेला, आणि पूर तुलारेच्या बाजूला पसरला. पूर जमिनीच्या मूल्याप्रमाणे शिरत नाही. तो भाडेकरूच्या आणि मजुराच्या घरातही शिरतो, आणि त्यांना या मंडळात मत नव्हते. २०२३ मध्ये ते सरोवर पुन्हा भरले आणि १ लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली, तेव्हा कोणता बांध राखायचा आणि कोणता फुटू द्यायचा यावरून झालेले वाद ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना हा पन्नास वर्षांपूर्वीचा विरोध जुना वाटत नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की निव्वळ पाणीवाटप आणि त्याचा खर्च यांपुरते जमिनीचे मत समर्थनीय आहे, परंतु पूरनियंत्रण आणि पिण्याच्या विहिरींवर परिणाम करणारा उपसा हे विषय ज्या मंडळाकडे आहेत तिथे राहणाऱ्यांचा आवाज असायलाच हवा. कायद्यालाही हे थोडेफार मान्य आहे: डिस्ट्रिक्टचे स्वरूप शेतीचे न राहता मुख्यतः वस्तीचे झाले की कॅलिफोर्निया वॉटर डिस्ट्रिक्टला रहिवाशांच्या मतदानाकडे वळता येते. ऑरेंज काउंटीतला अर्व्हाइन रँच हा डिस्ट्रिक्ट त्याच कायद्याखाली १९६१ साली स्थापन झाला, आणि आज तिथे साधे रहिवासी मत देतात.

फीनिक्सकडचे वाचक विचारतील म्हणून जाता जाता सांगतो. चँडलर, गिल्बर्ट, टेंपी या भागात पाणी आणि वीज देणाऱ्या सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टमध्ये बहुतेक जागांसाठी एकराला एक मत असते, आणि १९८१ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने तेही मान्य केले. पाव एकराच्या घराला पाव मत, आणि भाडेकरूला काहीच नाही. मंडळावरच्या चार सर्वसाधारण जागा मात्र जमीनमालकामागे एक मत या पद्धतीने भरल्या जातात.

आता मत कोणी द्यायचे याकडे वळतो. आपल्या बागेची मालकी एलएलसीच्या नावावर आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचे मत, असा सोपा अर्थ घेतला तर मतदार एलएलसी आहे. आपण चौघे मतदार नाही, म्हणून आपल्या ग्रीन कार्डचा किंवा मित्रांच्या व्हिसाचा प्रश्न इथे तसा उद्भवतच नाही. माझ्या अकरा वर्षांत जमीनमालकांच्या मतदानासाठी कोणाच्या नागरिकत्वाचा कागद मागितला गेला नाही. तरीही स्थलांतराची प्रकरणे पाहणाऱ्या आपल्या वकिलाच्या कानावर हे एकदा घाला, कारण पुढे एखाद्या अर्जात ‘आपण कधी मतदान केले आहे का’ असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर कसे लिहायचे हे त्यांनीच सांगितलेले बरे.

संस्थेच्या वतीने तिचा कायदेशीर प्रतिनिधी मत देतो. त्यासाठी आमच्या कार्यालयात एलएलसीच्या करारातले संबंधित पान आणि सर्व भागीदारांच्या सह्यांचा एका पानाचा ठराव लागत असे: अमुक व्यक्ती अमुक डिस्ट्रिक्टच्या निवडणुकीत आमच्या वतीने मत देईल. हा ठराव निवडणुकीच्या आधी करून ठेवा. एका वर्षी एकाच बागेचे दोन भागीदार, सख्खे चुलतभाऊ, दोन वेगवेगळ्या उमेदवारांसाठी दोन स्वतंत्र अधिकारपत्रे घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. दोन्ही बाजूला ठेवून आम्ही ठराव मागितला. तो संध्याकाळपर्यंत होऊ शकला नाही, आणि त्या बागेची मते मोजलीच गेली नाहीत. दोघेही माझ्यावर रागावून गेले, आणि त्यांच्या रागाचे मला वाईट वाटले, पण एका जमिनीची मते दोनदा धरणे हा माझ्या हातातला पर्याय नव्हता.

स्वतः हजर राहायचे नसेल तर मुखत्यार नेमता येतो, इकडे त्या लेखी नेमणुकीला सरसकट ‘प्रॉक्सी’ म्हणतात. ती लेखी हवी, मतांचा अधिकार ज्याला आहे त्यानेच केलेली हवी, आणि कोणत्या निवडणुकीसाठी आहे ते तिच्यात स्पष्ट हवे. एका निवडणुकीची प्रॉक्सी दुसरीला चालत नाही. प्रतिनिधीने मत टाकण्यापूर्वी ती कधीही रद्द करता येते. ही शेवटची तरतूद लोकांना माहीत नसते, आणि एकदा शेजाऱ्याला सही करून दिली म्हणजे संपले, असे समजून ते गप्प बसतात. वयाची ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ मला आठवतात. त्यांनी साठ मैलांवरून मुलाला प्रॉक्सी देऊन पाठवले होते. घडी करून करून मऊ पडलेला तो कागद मी उघडला, सही बरोबर, पार्सल क्रमांक बरोबर, पण वर छापलेली तारीख मागच्या निवडणुकीची. घरात उरलेला जुना नमुना त्यांनी वापरला होता. तो मला स्वीकारता आला नाही. त्यानंतर दर निवडणुकीला तारीख छापलेला कोरा नमुना आम्ही प्रत्येक मालकाला टपालाने पाठवू लागलो. आपला डिस्ट्रिक्ट पाठवत नसेल तर मागून घ्या.

त्याहूनही आधीची पायरी म्हणजे पुस्तकात नाव चढलेले असणे. जमीन घेतली, काउंटीत दस्त नोंदला, म्हणून डिस्ट्रिक्टच्या आकारणी पुस्तकात आपोआप फेरफार होतोच असे नाही. पुस्तक शेवटच्या आकारणीच्या दिवशी गोठलेले असते, आणि मधल्या काळातले हस्तांतर त्यात घ्यायचे की नाही हे मंडळाच्या ठरावावर अवलंबून असते. आपली खरेदी अलीकडची असेल तर कदाचित अजून जुन्या मालकाच्याच नावापुढे मते दिसत असतील. खरेदीखताची प्रत घेऊन हे काम आत्ताच करा.

‘मत दिल्याने काही होते का’ या प्रश्नाला मी गोड उत्तर देणार नाही. पाच जागा असतील तर प्रत्येक जागेसाठी प्रत्येकाला आपली सगळीच मते टाकता येतात. आपली सर्व मते एकाच उमेदवारावर एकवटण्याची सोय इथे नसते. त्यामुळे ज्याच्याकडे निम्म्याहून अधिक मते, तो पाचही जागा घेऊ शकतो. एकट्या कंपनीकडे बहुमत असेल तर आपली ४० एकरांची मते निकाल बदलणार नाहीत. पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी एकाकडे बहुमत नसते. तिघा-चौघांचे मिळून असते, आणि त्यांचे आपसांत दर वर्षी पटतेच असे नाही. अशा वेळी मधल्या आणि लहान मालकांनी दिलेल्या वीस-पंचवीस प्रॉक्सी ज्याच्या हातात, त्याच्या फोनला उत्तर मिळते.

शिवाय प्रत्यक्षात मतदान क्वचितच होते. जागा जितक्या, उमेदवार तितकेच असले आणि निवडणूक घ्यावी अशी पुरेशा मतदारांची मागणी नसली, तर मतदान रद्द होते आणि काउंटीचे पर्यवेक्षक मंडळ त्या उमेदवारांची नेमणूक करते. आपल्या भाषेत बिनविरोध. उमेदवारी अर्जाची मुदत निवडणुकीपूर्वी ११३ व्या दिवसापासून ८८ व्या दिवसापर्यंत असते, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी साधारण मध्य जुलै ते ऑगस्टचा पूर्वार्ध. विद्यमान संचालकाने अर्ज केला नाही तर ती आणखी पाच दिवस वाढते. झाडे हलवून बदाम पाडण्याची घाई याच दिवसांत सुरू होते, आणि माझ्या अनुभवात बिनविरोध निवडींचे ते एक मोठे कारण आहे. लहान मालकाला मंडळावर जायचे असेल तर त्याची खरी संधी ऑगस्टमध्ये असते, कारण संख्येच्या लढतीपेक्षा रिकाम्या राहणाऱ्या जागेवर अर्ज भरणे त्याला जास्त साधते. या डिस्ट्रिक्टांत संचालक हा सहसा जमिनीचा धारक किंवा त्याचा कायदेशीर प्रतिनिधी असावा लागतो. एलएलसीचा भागीदार त्या व्याख्येत कसा बसवतात हे डिस्ट्रिक्टचा वकील सांगेल, आणि ते मे-जूनमध्येच विचारून ठेवावे.

निवडणुकीशिवाय आणखी एका ठिकाणी आपली सही मोजली जाते. १९९६ च्या २१८ व्या प्रस्तावानुसार जमिनीवर नवी आकारणी बसवायची तर प्रत्येक मालकाला टपालाने मतपत्रिका येते, तिचे वजन त्याच्यावर पडणाऱ्या रकमेप्रमाणे असते, आणि विरोधाचे वजन जास्त भरले तर आकारणी होऊच शकत नाही. पाण्याच्या दरवाढीला वेगळा नियम आहे: ४५ दिवसांची सूचना येते, आणि निम्म्याहून अधिक पार्सलांनी लेखी हरकत घेतली तर दरवाढ थांबते. इथे पार्सलामागे एक हरकत, मग ते पार्सल ४० एकरांचे असो वा ४०० चे. हे इरिगेशन डिस्ट्रिक्टलाही लागू आहे, म्हणजे जिथे बागेला संचालकासाठी शून्य मते आहेत तिथेही. ही सूचना कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर साध्या लिफाफ्यात येते आणि जाहिरात समजून कचऱ्यात जाते. आपला टपालाचा पत्ता कराच्या यादीत बरोबर आहे ना, ते पाहून घ्या.

मंडळाच्या सभाही खुल्या असतात. नियमित सभेची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी लावावी लागते, आणि बोलण्याचा हक्क मतदार असण्यावर अवलंबून नसतो. माझ्या कार्यकाळात एका मालकाने, ज्याची जमीन तीस एकरांच्या आतली होती, सलग आठ महिने येऊन कालव्याच्या शेपटाकडच्या दाराची गळती मांडली. निवडणुकीत त्याच्या मतांनी काहीच हलले नसते. नवव्या महिन्यात ते दार बदलले गेले, कारण दर सभेच्या इतिवृत्तात ती तक्रार नोंदलेली होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य राहिले नव्हते.

या आठवड्यात आपण कराचे बिल काढा, त्यातल्या पाण्याच्या संस्थेच्या सचिवाला ई-मेल पाठवा, आणि तीन गोष्टी लेखी मागा: डिस्ट्रिक्ट कोणत्या कायद्याखाली आहे, शेवटच्या आकारणी पुस्तकात आपल्या पार्सलपुढे कोणाचे नाव आणि किती मते आहेत, आणि कायदेशीर प्रतिनिधीच्या नेमणुकीचा व प्रॉक्सीचा त्यांचा नमुना. उत्तर आले की डिस्ट्रिक्टचे नाव इथे लिहा. ठरावाचा मसुदा कसा असावा ते त्या कायद्याप्रमाणे मी सांगेन.